जाताना काय म्हणतात

मंगळवार, ४ मार्च

आजपासून मला माझ्या नातीशी बोलायला बंदी आहे. म्हणून ही वही काढली. कुठेतरी बोललं पाहिजे, नाहीतर माझं पोट फुटेल.

दुपारी उपचार केंद्राचा अहवाल आला. भिंगरी म्हणजे आमची नात, चार वर्षांची. उभ्या उभ्या स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून हे नाव मीच ठेवलं. मागच्या महिन्यात तिची तपासणी झाली होती. चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलापाशी बसून अहवाल आपल्या भाषेत उलगडून सांगितला. मुलीला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. भाषेची समज फार कमी. एकच वाक्य संदर्भ नसताना पुन्हा पुन्हा म्हणते, त्या वाक्याला अर्थ नाही. आक्रमक आहे, तपासणाऱ्या बाईंच्या मनगटाला चावली. तिला 'वर्तनाच्या वर्गात' घालावं. आणि सर्वांत शेवटी: घरात तिच्याशी फक्त शाळेची भाषा बोलावी, घरच्या भाषेमुळे गोंधळ वाढतो.

"कोणतं वाक्य?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, बाबा."

"वाक्याला अर्थ नाही हे लिहिलंय, आणि वाक्यच लिहिलेलं नाही?"

सूनबाई म्हणाली, "मला बाहेर बसवलं होतं. आई जवळ असली की मुलं नीट उत्तरं देत नाहीत म्हणे. आत त्या बाई होत्या आणि टेबलावर फोन. फोनवर दुभाषी."

म्हणजे एवढ्याशा पोरीला आईपासून तोडून, अनोळखी खोलीत, एका चपट्या यंत्रातून प्रश्न विचारले, आणि ती यंत्राशी गप्पा मारायला बसली नाही म्हणून तिला समज नाही! मी तरी बोललो असतो का? मी अजूनही फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जातो.

शाळेची भाषा म्हणजे या देशाची भाषा. मला ती वाचता येते. बोलायला गेलो की शब्द वेळेवर येत नाहीत, आणि समोरचा लगेच मोठ्यांदा आणि सावकाश बोलायला लागतो, जसा काही मी बहिरा. तेव्हा 'घरात फक्त शाळेची भाषा' याचा अर्थ सरळ आहे: म्हाताऱ्यानं तोंड मिटावं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते तज्ज्ञ आहेत. तिच्या भल्यासाठीच सांगतायत."

तिच्या भल्यासाठी. बरं.

गुरुवार, ६ मार्च

स्वमग्न! सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, शब्द तोलून पाहायची खोड जात नाही. स्वतःत मग्न ती स्वमग्न. आमची भिंगरी स्वतःत कुठे मग्न असते? ती पंख्यात मग्न असते, डब्याच्या झाकणात असते, नळाच्या धारेत असते. स्वतःकडे तर तिचं बिलकूल लक्ष नसतं, नाक पुसायलाही दुसरा लागतो.

आणि उशिरा बोलते तर त्यात आभाळ कोसळलं का? मी पाच वर्षांचा होईपर्यंत शब्द काढला नव्हता. सगळी आळी मला मुका म्हणायची. मग एक दिवस रस्त्यानं जाताना मी दुकानावरची पाटी एका दमात वाचून दाखवली, तेच माझं पहिलं बोलणं. मला कोणी कुठल्या वर्गात घातलं नाही. पुढे शब्दांवरच पोट भरलं.

सूनबाईनं केंद्रानं विचारलेला एक प्रश्न मला विचारला: कुटुंबात आणखी कोणी असं आहे का? मी ठणकावून सांगितलं, कोणी नाही. तेव्हा मी नव्या सदऱ्याच्या मानेवरची कापडी पट्टी कात्रीनं उसवत होतो. ती पट्टी टोचते, कोणालाही टोचेल. सूनबाईनं कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत "बरं, बाबा" म्हणाली. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

रविवार, ९ मार्च

भिंगरीला दार ओलांडणं जमत नसे. घरातून बाहेर जायचं असो की दुकानातून घरी यायचं असो, उंबरठा आला की ती आडवी पडायची आणि किंचाळायची. लोक वळून बघायचे. त्यावर उपाय मी काढला. निघताना थांबायचं, जो मागे राहणार त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "येते हं." मागच्यानं म्हणायचं, "ये, सावकाश ये." मग दार. दर वेळी तेच, त्यात अक्षराचाही बदल नाही. मला स्वतःलाही बदल चालत नाही, त्यामुळे कंटाळा यायचा प्रश्नच नव्हता. आधी ती नुसती ऐकायची. मग ओठ हलायला लागले. आणि गेल्या वर्षी एका सकाळी शाळेला निघताना म्हणाली, "आबा, येते हं." तिचं पहिलं पुरं वाक्य. सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसून रडली होती.

तेव्हापासून कुठूनही निघायचं झालं की ती हेच म्हणते. न्हाव्याच्या खुर्चीत तर अर्धे केस कापून झाल्यावर म्हणाली, आणि खरोखरच उठून चालू लागली.

आज बागेत जायला निघाली तेव्हा दाराशी थांबली. "आबा, येते हं." चिरंजीवांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी शाळेच्या भाषेतलं 'बाय' म्हणालो. ती हलली नाही. "आबा, येते हं." मी पुन्हा 'बाय'. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चिरकला. मग ती दारावर कपाळ आपटायला लागली, आणि मी माझ्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ते अहवालातलं बिनअर्थाचं वाक्य कोणतं असेल, याचा विचार डोक्यातून जात नाही. बहुधा टीव्हीवरची साबणाची जाहिरात असावी. ती घोकत असते मधूनमधून.

बुधवार, १२ मार्च

तिला वर्गात सोडायला आज सूनबाईबरोबर मीही गेलो. लांब व्हरांडा, समोरासमोर दोन दारं. एका दारावर उघड्या तोंडाचं चित्र: बोलण्याचा वर्ग. दुसऱ्यावर हाताची घडी घालून बसलेल्या मुलाचं: वर्तनाचा वर्ग. मी बाहेर बाकावर बसून पाहत होतो. गोरी मुलं पहिल्या दारानं आत गेली. आमच्यासारखी सावळी, काळी, घरी दुसरीच भाषा बोलणारी, ती दुसऱ्या दारानं. कोणी तसं लिहून लावलेलं नाही. लिहून लावलं असतं तर निदान त्यातली चूक बोट ठेवून दाखवता आली असती.

आमच्या खालच्या मजल्यावरचा सोनेरी केसांचा मुलगा पहिल्या वर्गात आहे. तोही बोलत नाही. तोही चावला, आणि त्याच बाईंना! त्याच्या आईनंच सूनबाईला हसत हसत सांगितलं. त्याच्या अहवालात काय लिहिलंय? 'मूल घाबरलं होतं.' त्यांचं पोर चावलं तर ते घाबरलेलं, आमचं चावलं तर आक्रमक. मनगट तेच, दातही दुधाचेच.

बाकावर माझ्या शेजारी हिरव्या पिशवीवाली एक उंच बाई होती, माझ्याहून पुष्कळ काळी. तिचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही, आणि तिसरी दोघांनाही धड नाही. तिनं पिशवीतून एक बिस्कीट काढून माझ्यापुढे धरलं, मी घेतलं. तिचा मुलगा आत जाताना तिच्या कोपरावर दोन बोटांनी टकटक करतो आणि काहीतरी पुटपुटतो. दाराशी उभी असलेली मदतनीस त्याचा हात बाजूला करते आणि त्याला आत ओढते. रोज असंच होत असावं, कारण त्या बाईनं तिकडे पाहिलंही नाही. पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसली.

सोमवार, २४ मार्च

भिंगरी आता दाराशी थांबत नाही. काही म्हणत नाही. हात धरून नेलं की जाते, सोडला की तिथेच गरगरते.

आज केंद्रातून फोन आला, चिरंजीवांनी घेतला. म्हणे, ते निरर्थक वाक्य आता वर्गात ऐकू येत नाही, चांगली प्रगती आहे, घरातले नियम असेच पाळा.

प्रगती! मेलेला माणूस खोकत नाही, म्हणून त्याचा खोकला बरा झाला म्हणायचं काय?

हे मी चिरंजीवांना मोठ्यानं बोललो. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "मग मी काय करू, बाबा? मला ऑटिझममधलं काय कळतं? त्यांना कळतं म्हणून त्यांच्याकडे गेलो ना?" त्यांचे डोळे खोल गेलेत. बाप झाल्यावर माणूस कोणाचंही ऐकतो.

जेवताना चौघंही गप्प. सूनबाई शाळेच्या भाषेत "पाणी घे" म्हणाली, तर ती सूनबाई वाटेचना. विमानात सूचना देतात तशी वाटली.

शनिवार, २९ मार्च

आज भिंगरी हरवली होती. आता सापडली आहे, जेवली आहे. माझं अक्षर मात्र आज वाकडं येतंय.

सूनबाई दार उघडून पार्सल घेत होती. सही करायला वळली, तेवढ्यात पोर तिच्या मागून बाहेर. एक अवाक्षर नाही. पूर्वी सांगितल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नसे. दाराला साखळी लावायची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती, तिचं ते सांगणं हीच साखळी होती. चिरंजीव रस्त्यावर धावले, सूनबाई गच्चीवर. मी सरळ तळघरात गेलो, इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत. तिथल्या यंत्रांना गोल काचा आहेत, आत कपडे फिरताना दिसतात. मीही दुपारी पुष्कळदा तिथे जाऊन बसतो. मन शांत होतं, कोणाचंही होईल. ती तिथेच होती, काचेला नाक लावून.

मी शेजारी फरशीवर बसलो. बंदी गेली चुलीत. म्हटलं, "भिंगरे, न सांगता आलीस होय गं?"

तिनं आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. आणि म्हणाली, "शू."

हे तिला कोणी शिकवलं, ते मी विचारणार नाही. आम्ही सगळ्यांनीच.

वर आल्यावर सूनबाईला सांगितलं, मला त्या केंद्रातल्या बाईंशी बोलायचं आहे. ती म्हणाली, "गुरुवारी भेट आहे. चला तुम्ही. मी म्हणते, चलाच." चिरंजीव दाराला साखळी बसवत होते.

मंगळवार, १ एप्रिल

शाळेच्या भाषेत भाषण लिहून काढलं आणि पाठ केलं. शुद्धलेखन निर्दोष आहे. आरशापुढे म्हणून पाहिलं, बरं जमलं. पण आरसा उलट बोलत नाही, हा त्यातला फायदा आहे.

गुरुवार, ३ एप्रिल

डोकं भणभणलंय. घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला त्यातलं निम्मं कळलेलं नाही.

तपासणाऱ्या बाई म्हणजे तिशीही न गाठलेली एक मुलगी निघाली. वाचेवर उपचार करते म्हणून मी तिला मनात वाचाबाई म्हणतो. बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, खेळण्यांच्या कपाटाला कुलूप. तिच्या मनगटावर वण दिसतो का पाहिलं, नाही दिसला. टेबलाच्या मधोमध फोन, आणि त्यात दुभाषी बाईचा आवाज. तिनं आरंभीच बजावलं, "जे बोलाल ते शब्दाला शब्द सांगेन. पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही." हे मला आवडलं. मी जन्मभर हेच केलं.

पाठ केलेल्या भाषणातलं 'आदरणीय बाई' एवढंच तोंडून निघालं. पुढचं सगळं पुसलं गेलं. मग मी आपल्या भाषेतच सुटलो. म्हटलं, आमच्या मुलीला समज नाही हे तुम्ही कशावरून लिहिलंत? तुम्हाला तिची भाषा येते? जिला येते ती तिची आई तुम्ही दाराबाहेर बसवलीत. खालचा मुलगा चावला तर घाबरलेला, आमची चावली तर आक्रमक, हे दातांवरून ठरवता की कातडीवरून? फोनमधली बाई माझा सगळा संताप इस्त्री करून पलीकडे देत होती. मी शिवी घातली असती तर तीही तिनं वेळापत्रकासारखी वाचली असती.

वाचाबाई चिडली नाही, हेच मला जास्त झोंबलं. "आजोबांची काळजी मला समजते," म्हणाली.

"काळजी नाही, राग आहे. नीट लिहा. आणि ते निरर्थक वाक्य कोणतं ते सांगा."

ती म्हणाली, त्या दिवशीची सविस्तर नोंद मुख्य कार्यालयात आहे. मागवून घेऊ, काही आठवडे लागतील.

काही आठवडे! मी उठलो. भिंगरी टेबलाखाली बसून डब्याचं झाकण फिरवत होती. संताप कायम होता, पण रीत ती रीत. दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणालो, "बरं, येतो मी."

झाकण थांबलं. भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. माझं बोट धरलं आणि म्हणाली, "येते हं."

इतक्या दिवसांनी! मी "ये, सावकाश ये" म्हणणार, तेवढ्यात फोनमधल्या बाईनं आपलं काम केलं. "आजोबा म्हणतात, मी येत आहे. मूल म्हणतं, मी येत आहे." एवढी शाळेची भाषा मला कळते.

"येत आहे?" वाचाबाई फोनला म्हणाली. "नाही, ते जातायत. दाराशी उभे आहेत."

"मला इथून दिसत नाही," फोन म्हणाला. "शब्द 'येणे' हाच आहे. दोघांचाही."

वाचाबाईनं फोनकरवी मला विचारलं, "तुम्ही कुठे येत आहात?"

"कुठे येतोय? जातोय! डोळे आहेत ना तुम्हाला?"

"मग 'येतो' का म्हणालात?"

"मग काय 'जातो' म्हणू? घरातून निघताना जातो म्हणतं का कोणी!"

मग शब्दाला शब्द सोडून ती दुभाषी स्वतःचंच काहीतरी बोलायला लागली, भराभरा, रडवेल्या आवाजात. वाचाबाई कानापर्यंत लाल झाली. तिनं भिंगरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. मला वाटलं माझ्या बोलण्याची थट्टा चालली आहे, म्हणून मी दार उघडलं. पण सूनबाई त्या बुटक्या खुर्चीत बसून ढसाढसा रडत होती. "तेच वाक्य, बाबा. तेच वाक्य होतं ते."

कोणतं वाक्य? मला कोणी धड सांगेल तर शपथ.

शुक्रवार, ४ एप्रिल

सूनबाईनं सकाळी मला समोर बसवून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

"बाबा, आपण निघताना येते म्हणतो. त्या दिवशी तिला त्या खोलीतून निघायचं होतं, म्हणून ती म्हणाली, येते हं. फोनवर हीच दुभाषी होती, तिनं सांगितलं, मूल म्हणतंय मी येत आहे. त्या म्हणाल्या, हो, ये, बस. आणि खुर्चीत बसवलं. ती पुन्हा म्हणाली. त्यांनी पुन्हा बसवलं."



म्हणजे माझ्या पोरीनं रीतसर निरोप घेतला होता. मी शिकवला तसा, थांबून, माणसाकडे बघून. आणि "ये, सावकाश ये" म्हणण्याऐवजी त्यांनी दर वेळी तिला उचलून खुर्चीत दाबली. सगळे शब्द संपले तेव्हा तिच्याकडे फक्त दात उरले. वर लिहिलं काय, तर भाषेची समज फार कमी! निघताना 'जाते' म्हणू नये, माणूस परत येणार असतो म्हणून 'येते' म्हणावं, एवढं त्या चिमुरडीला कळतं. त्या खोलीत समज कमी होती ती कोणाची?

दुभाषीवर मला रागावता येत नाही. तिला दार दिसत नव्हतं. जिला दार दिसलं असतं त्या आईला ज्यांनी दाराबाहेर बसवलं, त्यांच्यावर मी रागावलो आहे, आणि राहणार आहे.

दुपारी वाचाबाईचा फोन आला. तिनं माफी मागितली, सरळ, 'गैरसोयीबद्दल' वगैरे न म्हणता. मग चिरंजीवांनी विचारलं, घरच्या भाषेच्या बंदीचं काय? ती म्हणाली, "तो सल्ला आता कोणी देत नाही. तो चुकीचा आहे हे आम्हाला माहीत आहे. जुन्या छापील नमुन्यात ती ओळ राहून गेली."

राहून गेली!

मी खुर्चीतून उठलो तो उभाच राहिलो. आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकलं, तर मालक सगळ्या पत्रिका पुन्हा छापून द्यायचे आणि घरी जाऊन हात जोडायचे. इथे एका राहून गेलेल्या ओळीनं माझं घर मुकं केलं, पोरीच्या तोंडातलं पहिलं वाक्य काढून घेतलं, ती रस्त्यावर गाडीखाली सापडली असती तर? आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी तो कागद गेला, त्यांचं काय? त्या सगळ्या घरांत आज्या आणि आजोबा तोंडावर हात ठेवून बसले असतील. मुद्रितशोधक झोपला होता काय?

हे मी फोनवर ओरडलो. चिरंजीवांनी फोन काढून घेतला नाही. उलट माझ्यामागे त्यांनी ते शाळेच्या भाषेत म्हटलं, माझ्याइतक्याच मोठ्यांदा.

संध्याकाळी ते दुकानात निघाले, तर दाराशी थांबले आणि म्हणाले, "बाबा, येतो." कॉलेजात गेल्यापासून त्यांनी हे म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "ये, सावकाश ये." भिंगरी कोपऱ्यातून पाहत होती. काही म्हणाली नाही, पण माझ्या तोंडावर हात ठेवायलाही आली नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

भिंगरी आता पहिल्या दारानं आत जाते. घरात आपली भाषा परत आली आहे, भांडणंसुद्धा.

ऑटिझम हा शब्द मात्र कागदावर कायम आहे. मला वाटलं होतं, तोही खोडतील. वाचाबाई म्हणाली, "तिला ऑटिझम आहे, आणि तिला भाषाही आहे. आम्ही एक पाहिलं आणि दुसरं पाहिलं नाही." चिरंजीवांना आणि सूनबाईला हे पटलं. मला पहिलं अजून पटत नाही, पण मी वाद थांबवला आहे. वाचाबाईनं मला वर्गात बसायची परवानगी दिली आहे. काल म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना फार चांगलं समजता. मी म्हटलं, समजणारच, घरात सरळ डोक्याची आम्ही दोघंच आहोत. सूनबाईनं याचं भाषांतर करायला बराच वेळ घेतला.

आज वर्ग सुटला तेव्हा भिंगरी दाराशी थांबली, वळली, आणि वाचाबाईकडे बघून म्हणाली, "येते हं."

"ये, सवकश ये," वाचाबाई म्हणाली. चिठ्ठीवर लिहून पाठ केलं होतं तिनं. 'सा'चा काना गेला होता आणि 'का'चाही. जन्मात पहिल्यांदा मी एक चूक तशीच सोडून दिली.

तिथेच हे पान संपवता आलं असतं. पण आम्ही व्हरांड्यात आलो, तर समोरच्या दाराशी हिरव्या पिशवीवालीचा मुलगा पुढच्या तासाला आत जायच्या बेतात होता. त्यानं आईच्या कोपरावर दोन बोटांनी टकटक केलं, काहीतरी पुटपुटला आणि थांबला. कशाची तरी वाट पाहत थांबला. मदतनीस बाईनं त्याचा हात बाजूला केला. त्याच्या आईचे ओठ हलले आणि मिटले. ते मिटणं मला ओळखीचं आहे. त्या घरातही तो कागद गेला आहे.

मी वळलो. वाचाबाई अजून आपल्या दारातच उभी होती, हसत. मी त्या मुलाकडे बोट केलं. भाषण पाठ नव्हतं, आरसा नव्हता, व्याकरणाचं मातेरं झालं असेल. शाळेच्या भाषेत म्हणालो, "हा मुलगा. याच्या घरी. जाताना काय म्हणतात?"

तिचं हसू गेलं. ती त्या मुलाकडे बघत राहिली. "माहीत नाही," म्हणाली.

"मग विचारा," मी म्हटलं. मोठ्यांदा आणि सावकाश.